मापाचं रक्त

२ मार्च, शनिवार

पोचले एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि दादाने बळेच गळ्यात मारलेली इलेक्ट्रिक किटली घेऊन उतरले, तेव्हा हॉस्पिटलचा ड्रायव्हर माझ्या नावाची पाटी उलटी धरून उभा होता. मी नाव सरळ करून दिलं. तो म्हणाला, माणूस सापडल्याशी कारण.

खोली छान आहे. मनाची समजूत घालायला म्हणत नाहीये, खरंच छान आहे. वरचा मजला, दोन खिडक्या. एकीतून गल्ली दिसते, दुसरीतून हॉस्पिटलची मागची भिंत. कपाटाचं दार लागत नाही आणि नळ आधी खाकरतो, मग पाणी सोडतो. पण आधीच्या गावात तीन मुलींत एक आरसा होता, तेव्हा नाक मुरडण्यात अर्थ नाही.

खाली घरमालकीण काकू आणि त्यांची सून राहतात. मुलगा लांब नोकरीला आहे. सुनेला मी पहिल्या पाच मिनिटांतच वहिनी म्हणून टाकलं, तर तिने लगेच हक्काने मला वरच्या फळीवरचा डबा काढायला लावला. तिला नववा चालू आहे. बाळ पायाकडून आहे, म्हणून महिनाअखेरीला सिझेरियन ठरलंय. ती म्हणते, बाळ आतापासूनच उलट्या खोपडीचं आहे, थेट आजीवर गेलंय. काकू ऐकत होत्या, हसल्या नाहीत.

नोकरी मिळाली याचं अजून नवल वाटतं. मुलाखतीत मोठ्या डॉक्टरांनी अनुभवाचं फारसं विचारलंच नाही. रक्ताचा रिपोर्ट मात्र शहरातल्या मोठ्या लॅबमधून करून आणायला लावला आणि तो दोनदा वाचला. प्लेटलेट बरोब्बर अडीच लाख. ते खूश होऊन म्हणाले, गोल आकडा आहे, कामाला बरा.

४ मार्च, सोमवार

गोल आकड्याचं कोडं सुटलं.

लॅब तळमजल्यावर, ऑपरेशन थिएटरच्या अगदी खाली. एक मायक्रोस्कोप, एक फ्रीज, एक बेसिन आणि रक्त मोजायचं मशीन. कुठलंही मशीन बरोबर मोजतंय की नाही हे बघायला रोज सकाळी त्यात ठरलेल्या मापाचं रक्त घालतात. ते कंपनीकडून बाटलीत, बर्फात येतं. इथे पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होतं आणि रक्त नासतं. म्हणून मोठ्या डॉक्टरांनी फार वर्षांपूर्वी स्वतःची पद्धत काढली. लॅबच्या माणसानेच सकाळी स्वतःची एक नळी द्यायची. ती पहिली नळी. मशीन विचारतं, हे किती? आपण हिरवं बटण दाबून सांगायचं, अडीच लाख. मग दिवसभर मशीन बाकीच्या गावाला त्या मापाने मोजतं.

मी म्हटलं, माझंच रक्त का? तर म्हणाले, माप एकाच माणसाचं हवं, रोज तागडी बदलली तर दुकान कसं चालेल.

मला हे पटलं नाही. माणसाचं रक्त म्हणजे काही लोखंडाचं वजन नाही, ते आज एक असतं, उद्या दुसरं. पण पहिल्याच दिवशी शहाणपणा नको म्हणून बाही वर केली. रक्त काढणाऱ्या बाईंना इथे सगळे सुईताई म्हणतात. हात हलका आहे त्यांचा. टोचलेलं कळलंसुद्धा नाही.

माझ्या आधी इथे एक वयस्कर टेक्निशियन होते, मास्तर म्हणायचे त्यांना. रक्ताचं काहीतरी दुखणं होऊन इथेच गेले. महिनाभर मशीन झाकून ठेवलं होतं.

९ मार्च, शनिवार

माझा पायगुण चांगला आहे म्हणे! सुईताई सांगत होत्या, गेले काही महिने गावात ज्याच्या त्याच्या नाकातून रक्त. हिरड्या सुजलेल्या, दाढी करताना कापलं तर अर्धा दिवस कापूस दाबून बसायचं. मोठे डॉक्टर म्हणाले, हवा कोरडी आहे. मी आले आणि त्याच आठवड्यात सगळ्यांचं थांबलं. ड्रायव्हरने तर मला चहा पाजला. मी म्हटलं, रोज पाजलात तर पाऊससुद्धा पाडून दाखवीन.

संध्याकाळी वहिनी वर आली. धापा टाकत पलंगावर बसली आणि विचारलं, हे प्लेटलेट-प्लेटलेट म्हणजे नक्की काय, सगळे त्याच नावाने घाबरवतात. मी सांगितलं, रक्तात बारीक बारीक चकत्या असतात. कुठे रक्तवाहिनीला चीर पडली की त्या धावत जाऊन एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात दीड लाख ते चार लाख असल्या की ठीक. पन्नास हजारांच्या खाली गेल्या तर कुठलाही शहाणा डॉक्टर सुरी उचलत नाही. वीस हजारांच्या खाली चीर लागतच नाही, रक्त आपलं आपण वाट काढतं.

तिने विचारलं, माझ्या किती? मी म्हटलं, कालच मोजल्या, अडीच लाख, माझ्याएवढ्याच. ती म्हणाली, मग आपण बहिणी झालो. जाताना माझी उशी घेऊन गेली, पाठीला लागते म्हणून. बहिणीसारखंच.

१५ मार्च, शुक्रवार

ताप. सकाळपासून डोळ्यांच्या मागे दुखतंय आणि हाडं कुणीतरी पिळल्यासारखी झालीत. काकूंनी सूप आणून दिलं आणि दारातूनच सरकवलं, सुनेला लागायला नको म्हणून. बरोबरच आहे.

१६ मार्च, शनिवार

तापात फणफणत असताना सुईताई खोलीवर हजर! नळी हवी. मी स्पष्ट सांगितलं की तापात प्लेटलेट धडाधड उतरतात, हे शेंबडं पोरही सांगेल. माझं आजचं रक्त माप म्हणून घातलं तर सगळे आकडे चुकतील. कालचंच माप राहू द्या. त्या बिचाऱ्या खाली जाऊन विचारून परत आल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, माप एकाच माणसाचं, पद्धत म्हणजे पद्धत.

दिली. भांडायला अंगात त्राण नव्हतं.

१९ मार्च, मंगळवार

ताप उतरला, कामावर गेले. पायावर लाल ठिपके आहेत, टाचणी टोचल्यासारखे. दंडावर निळा डाग. कुठे आपटल्याचं आठवत नाही. दात घासताना बेसिन गुलाबी झालं.

मला काय झालंय ते मला कळतं, त्यासाठी मोठ्या डॉक्टरांची गरज नाही. मशीनला माझं रक्त घातलं तर ते म्हणणार अडीच लाख. म्हणणारच! मीच त्याचं माप. आपणच आपली उंची आपल्या उंचीने मोजायची आणि म्हणायचं, वाढले नाही, घटले नाही. म्हणून काचेवर थेंब पसरला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली मोजलं. एका नजरेत पंधरा-वीस चकत्या दिसायला हव्यात. दिसल्या दोन. म्हणजे तीस हजार.

तापानंतर आठवड्यात वर येतात. येतील. पण तोवर बाकीच्यांचे आकडे फुगून निघायला हवेत ना? माझे घटले तर माझ्या तुलनेत गाव वीस-वीस लाखांचं दिसायला हवं. आणि आज निघालेले सगळे रिपोर्ट अडीच लाख, दोन लाख साठ, दोन चाळीस. हे गणित बसत नाही. डोकं उठलं.

२० मार्च, बुधवार

बसत नाही म्हणजे बसतच नाही. आज आलेल्या प्रत्येकाची काच रंगवली. खोकल्याचा म्हातारा, शाळेच्या तपासणीची मुलगी, सुईताई, ड्रायव्हर. धडधाकट माणसं. सगळ्यांच्या काचेवर दोन. फार तर तीन.

मग मी आल्यापासूनच्या जुन्या काचा काढल्या, मी तापात असताना सुईताईंनी केलेल्याही. ड्रायव्हरची पाच तारखेची काच गच्च भरलेली. पंधरापर्यंत सगळ्या गच्च. सोळापासून एकदम ओसाड. हळूहळू नाही, एका दिवसात. अख्ख्या गावाला एकाच सकाळी ताप न येता तापाचं दुखणं होत नसतं.

सोळाला मी तापात नळी दिली होती. योगायोग. दुसरं काय असणार?

२१ मार्च, गुरुवार

काचांचा ट्रे घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. त्यांनी चष्मा वर केला, मायक्रोस्कोपमध्ये नीट पाहिलं, अगदी मनापासून पाहिलं, आणि विचारलं की सोळा तारखेच्या सुमाराला रंगाची नवी बाटली उघडली का. उघडली होती! ते हसले. म्हणाले, सगळ्यांच्याच काचेवर कमी दिसतात, याचा अर्थ गाव आजारी नाही, बाटली आजारी आहे.

खाली येऊन जुन्या बाटलीतला तळाचा गाळ काढून त्यात रंगवल्या. दोनच. परत वर गेले. ते म्हणाले, गाळात रंगवशील तर असंच दिसणार.

माझ्या हातावरचे डाग दाखवले. म्हणाले, अशक्तपणा आहे, दूध घे. मग स्वतःच्या हाताने माझा रिपोर्ट काढून समोर ठेवला. अडीच लाख.

भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. पण आपटलं तर रक्त थांबणार नाही, हेही ठाऊक आहे.

२३ मार्च, शनिवार

नाकं पुन्हा सुरू झाली. सलूनवाल्याने गिऱ्हाइकाला कापलं, गिऱ्हाईक तासभर खुर्चीत. ड्रायव्हरच्या दोन्ही नाकपुड्यांत कापूस. मला बघून म्हणाला, ताई, पायगुण संपला वाटतं. आणि हसला, तर दात लाल.

कुणी घाबरत नाही! याचीच मला जास्त भीती वाटते. हवा कोरडी, म्हणतात. मास्तरांच्या वेळीही असंच होतं, म्हणतात. रिपोर्ट चांगले आहेत ना, मग झालं.

मी माझी काच पुन्हा मोजली. दोनाच्या जागी एक. वर यायच्या सोडून उतरताहेत. गावाच्याही एक. शरीराला कमतरता कळली तर ते भरून काढतं. माझ्या शरीराला कुणी सांगून ठेवलंय की एवढंच पुरे आहे?

काहीतरीच लिहितेय. दमले आहे.

२५ मार्च, सोमवार

वहिनीची नळी गुपचूप शहरातल्या लॅबला पाठवली होती. उत्तर आलं. अठरा हजार.

सिझेरियन गुरुवारी आहे. अठरा हजारांवर पोट उघडायचं म्हणजे तिला टेबलावरच घालवायचं. पळतच वर गेले. मोठ्या डॉक्टरांनी कागद वाचला, घडी घातली, परत दिला. म्हणाले, मास्तर गेल्यावर महिनाभर सगळी रक्तं बाहेर पाठवली होती. प्रत्येकाचं असंच आलं, दहा हजार, बारा हजार. वाटेत नळ्या हिंदकळतात, गरम होतात, चकत्यांचे गोळे होतात आणि मशीन त्यांना मोजत नाही. त्या महिन्यात दोन ऑपरेशनं पुढे ढकलली, लोकांना घाबरवून सोडलं, आणि शेवटी एकही माणूस मेलं नाही.

गोळे होतात हे खरं आहे. पुस्तकात आहे. हा माणूस बोलतो त्यातलं एकेक वाक्य खरं असतं आणि सगळं मिळून खोटं!

मी म्हटलं, निदान प्लेटलेटच्या पिशव्या मागवून ठेवा. ते म्हणाले, अडीच लाखांच्या पेशंटला पिशव्या मागितल्या तर शहरातली रक्तपेढी मला वेड्यात काढेल. मी वहिनीच्या रिपोर्टवर सही करणार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी शांतपणे खिशातलं पेन काढलं आणि स्वतः केली.

२६ मार्च, मंगळवार

काकूंना सांगितलं. हिला आजच्या आज शहरात न्या, मी सोबत येते, गाडीचं मी बघते. काकूंनी कपाटातून वहिनीचे आधीचे रिपोर्ट काढून माझ्यापुढे धरले. आठ तारखेचा, एकोणिसाचा, बाविसाचा. खाली सही कुणाची, विचारलं. माझी. तीन वेळा मीच लिहून दिलं की सगळं चांगलं आहे. आता ऐन वेळी पोरीला कशाला घाबरवतेस, म्हणाल्या. काकूंचा मुलगा मोठ्या डॉक्टरांच्याच हातून जन्मलाय. मी कालची आलेली.

माझा आवाज चढला. त्यांचाही. काकू म्हणाल्या, महिना भरला की खोली बघ दुसरी.

वहिनी जिन्यापर्यंत आली. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात रक्त होतं. म्हणाली, दिवस भरले की हिरड्या अशा होतात, आईंनाही झालं होतं. मग हळूच विचारलं, तू खाली लॅबमध्येच असशील ना गुरुवारी? मी म्हटलं, असेन. ती म्हणाली, मग झालं तर.

झालं कसलं! रडू आलं मला. नाक पुसलं तर रुमाल भिजला, आणि तो पाण्याने नव्हता.

२७ मार्च, बुधवार

दादाचा फोन. आवाजावरूनच ओळखलं त्याने. म्हणाला, सामान टाक तिथेच आणि गाडीत बस, उद्या रात्री घरी असशील. मी म्हटलं, उद्याचं ऑपरेशन थांबवते आणि येते. तो म्हणाला, तू कोण लागून गेलीस थांबवणारी. कोणीच नाही. मापाचं रक्त आहे मी.

दिवसभर एकच विचार. त्यांचा विश्वास काचेवर नाही, शहरावर नाही, माझ्यावर नाही. फक्त त्या मशीनवर आहे. तर मशीनचीच अक्कल काढते. उद्या सकाळी पहिल्या नळीत माझं रक्त घालणारच नाही. सलाईन घालीन. निव्वळ मीठ-पाणी. त्यात एक चकती नाही. मशीनने त्याला अडीच लाख म्हटलं की तो कागद त्यांच्या टेबलावर आपटते आणि विचारते, डॉक्टर, पाण्याला सिझेरियन करायचं का?

इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटतंय. हसूसुद्धा येतंय.

२८ मार्च, गुरुवार. सकाळ

घातलं. मशीनने विचारलं, हे किती? मी हिरवं बटण दाबलं. त्याने नेहमीसारखी घरघर केली आणि लिहिलं, दोन लाख पन्नास हजार. स्वच्छ सलाईन! एवढी हसले की सुईताई बघायला आल्या. कागद छापला. निघते वर.

थोड्या वेळाने

ते खोलीत नाहीत. मी लॅबला निघाल्यावर वहिनीला कळा सुरू झाल्या. थिएटरमध्ये घेतलंसुद्धा. लाल दिवा लागलाय. दार वाजवलं, आतून सांगितलं, पोट उघडलंय, आता काही दाखवू नका.

कागद हातातच राहिला. आता नुसती बसलेय. नाकातून येतंय. दाबून धरलंय, थांबत नाही. आधी निदान थांबायचं—

सुईताई आल्या होत्या. म्हणाल्या, आज सकाळपासून ज्याला ज्याला टोचलं त्याचा कापूस भिजतोय. दुसरा लावला तोही. एकाचंही थांबत नाही. हवा फारच कोरडी आहे का आज.

नंतर

माझी काच रंगवली. एकही नाही.

पन्नास नजरा पाहिल्या. एक चकती नाही. सुईताईंच्या काचेवरही नाही. म्हाताऱ्याच्या नाही.

मशीनवर घातलं. सगळे अडीच लाख.

म्हणजे ते खोटं बोलत नव्हतंच. एकदाही नाही. आम्ही सांगायचो की हे माप, आणि ते सगळ्यांना त्या मापाचं करून ठेवायचं. मी तापात नळी दिली आणि गाव माझ्याएवढं झालं. मीही त्याच मापात अडकले, म्हणून वर आलेच नाही. मास्तर खंगत गेले तसं गावही—

आणि आज मी त्याला सांगितलं की सलाईन—

मी सांगितलं. मी. रागाच्या भरात. अरे देवा.

वरून ड्रायव्हर धावत गेला. थिएटरमधला कापूस संपला म्हणे.

नंतर

शहरातून पिशव्या निघाल्यात. आता निघाल्यात! मोठ्या डॉक्टरांनी स्वतः फोन केला. पोचायला संध्याकाळ. वहिनीकडे संध्याकाळ नाही. छतातून पावलं ऐकू येताहेत, सगळी घाईची. काकू जिन्यात बसल्यात. माझ्याकडे बघत नाहीत.

मशीन बंद करून परत चालू केलं. परत विचारतंय— पहिली नळी. पहिली नळी घाला.

कुणाची? गावात एका माणसाच्या अंगात एक चकती नाही. माझी घातली तर पुन्हा शून्यच. सुईताई, काकू, कुणाचीही— शून्य. बाहेरचं माणूस हवं. ज्याला या मशीनने कधी मोजलं नाही, जे कालपर्यंत या गावात नव्हतंच—

विचारतंय. दिवा लुकलुकतोय.

बाळ झालं. मुलगी. रडण्याचा आवाज आला. वर जागा नाही, सगळे हात वहिनीला लागलेत, म्हणून सुईताई तिला दुपट्यात गुंडाळून इथे खाली घेऊन आल्या. माझ्या टेबलावर ठेवलंय. सुईताई परत वर धावल्या.

नाळेचं टोक कोरडं आहे. पुन्हा पाहिलं. कोरडं. सगळं गाव भिजतंय आणि हिची नाळ—

ही अजून कुठल्याच मापात नाही.

नाळेतलं रक्त वर सांडून गेलं. म्हणजे टाचेतूनच. चार थेंब पुरतात. पण नाळ घट्ट बांधलेली होती, दोऱ्यानेही कोरडी राहिली असेल. टाच तशी बांधता येणार नाही. चुकले तर एवढ्याशा अंगात असतंच किती—

वरून कुणीतरी ओरडलं, अजून टॉवेल आणा.

एका हाताने लिहितेय. दुसऱ्या हाताने तिचा पाय धरलाय.

टोचलं. रडली. चार थेंब घेतले. नळी तयार आहे. आधी टाच थांबू दे. थांबली तरच हे रक्त खरं, तरच हिरवं बटण. थांबली नाही तर मी हिलाही—

कापूस दाबून धरलाय. गुलाबी झाला. दुसरा घेतला.

थांब ना बाळा. तुझी आई वर आहे.

दुसराही—

थोडं जास्त वेळ धरते. नवजात आहे, वेळ लागतो, लागतोच. माझं रक्त हिच्या दुपट्यावर पडतंय, कुठलं कुणाचं कळेना. पुसलं. आता कापूस उचलते आणि बघते. उचलला. टाचेवर अजून—